वेशीच्या अलीकडचं जंगल

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही. जेवताना मधेच उठून गॅस बंद आहे का बघून येते. कोणाकडे गेले तर खुर्चीच्या टोकावर बसते आणि चहा येण्याआधीच निघायची भाषा करते. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. अशा बाईला महिनोन्‌महिने पलंगावर आडवं पाडून ठेवलं तर तिचं काय होईल, हा विचार आमच्या डॉक्टरीणबाईंनी केला नव्हता आणि सासूबाईंनी तर मुळीच केला नव्हता.

ही गोष्ट नव्वदच्या आगेमागेची. आम्ही मीरा रोडला पूर्वेकडे एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. नवी म्हणजे इतकी नवी की जिन्याच्या भिंतीला टेकलं तर खांद्याला चुना लागे. आजूबाजूला अर्धवट उभ्या इमारती, मधे पाणथळ जमिनीचे तुकडे, त्यात उंच गवत आणि म्हशी. नळाला पाणी स्वतःच्या मर्जीने यायचं, नाहीतर टँकर. नवरा अंधेरीला एका कंपनीत होता. मी मालाडला एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळी डबा भरून पळत सुटायचं आणि संध्याकाळी भाजीची पिशवी सांभाळत परत यायचं, या पळापळीची लोक तक्रार करायचे. मला ती मनापासून आवडायची.

त्या दिवसांत मला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा काही उरलं नाही. पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यांदा पाचव्या. दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मी ऑफिसात टाइपरायटरपुढे बसले होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहायला घेतलं की उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

डॉक्टर म्हणाल्या, पिशवीचं तोंड सैल आहे, पुढच्या वेळी टाका घालू. सासूबाईंना हे कारण पटलं नाही. त्यांनी स्वतः एक कारण शोधून काढलं. दोन्ही वेळा मी वेस ओलांडली होती. रत्नागिरीकडे डोंगरातल्या त्यांच्या वाडीत पोटुशी बाई वाहतं पाणी ओलांडत नसे आणि वेस तर नाहीच नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ वेस ओलांडत होते, मग दुसरं काय होणार?

पण मीरा रोडला वेस कुठून आणायची? त्यांनी शेजारच्या गुजराती मासींना विचारलं. मासी म्हणाल्या, "वेस तो नहीं है, माजी. यहाँ तो सिर्फ बिल्डिंग की बाउंड्री है." सासूबाईंना ती बाउंड्री काही पसंत पडली नाही. बाउंड्रीच्या बाहेर भाजीवाला बसायचा, आणि कोथिंबीर आणायला वेस ओलांडावी लागते असलं गाव त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग एकदा दहिसरला लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे जाताना त्यांना हायवेवरचा जकात नाका दिसला. ट्रकांची रांग, आडवा बांबू, खाकीतली माणसं, आणि बाजूला एका झाडाखाली कोणीतरी शेंदूर फासून ठेवलेला दगड. झालं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "वेस गावली."

"आणि रेल्वेने गेलं तर?" नवऱ्याने विचारलं. त्याला आईची फिरकी घ्यायला आवडायचं.

"रेल्वेत बसलं म्हणून वेस काय उडून जाते?" त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी नोकरी सोडली. डॉक्टरही नाक्याच्या अलीकडची धरली. त्यांनी टाका घातला, पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावायला सांगितल्या आणि म्हणाल्या, "आता फक्त पडून राहायचं." सासूबाई गावचं घर जावेवर सोपवून आमच्याकडे येऊन राहिल्या आणि माझ्यावर डोळ्यात तेल घालून पहारा करू लागल्या. मी कुशीवर वळले तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "काय गो, काय पायजे?"

काय पायजे? मला धावायचं होतं. धुणं वाळत घालायचं होतं, टँकरच्या रांगेत भांडायचं होतं, कोणाशी तरी कडकडून भांडायचंच होतं. डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत माणूस काय भांडणार? पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत मी दिवस ढकलत होते. अंगातून मुंग्या फिरायच्या. स्वेटर विणायला घेतला आणि उसवून टाकला. बाळासाठी विणू नये असं वाटायचं, आणि दुसऱ्या कोणासाठी विणायला मन लागत नव्हतं. शेजारणी यायच्या, पोटाकडे बघायच्या आणि तोंडभर हसायच्या. त्या गेल्या की सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, सकाळी डोळे उघडल्यापासून. पडून राहिलं की भीती छातीवर येऊन बसते. चालत्या माणसाला ती गाठू शकत नाही असा माझा समज होता.

पलंगावरून खिडकी दिसायची आणि खिडकीतून काशीमिऱ्याच्या मागचा डोंगर. नॅशनल पार्कचं जंगल आमच्या बाजूने तिथं संपतं, किंवा सुरू होतं म्हणा. पावसाळ्यात तो नुसता हिरवा ढीग होता. दिवाळी सरली तसा त्याचा रंग उतरत गेला, आणि एके दिवशी त्यात पांढरी झाडं दिसायला लागली. पानं झडलेली, चुना फासल्यासारखी पांढरीफेक, इकडे एक, तिकडे दोन. सासूबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कांडोळ ती. आमच्याकडं रग्गड हायत."

त्या झाडांनी मला वेड लावलं. इतर बायकांना चिंचा-बोरांचे डोहाळे लागतात. मला त्या डोंगरात जाऊन एका पांढऱ्या झाडाला हात लावायचा होता. हात लावायचा, त्याची साल कशी लागते ते बघायचं आणि परत यायचं. आधी मी हे हसण्यावारी बोलले, मग चिडून बोलले, आणि एका दुपारी बोलता बोलता रडलेच.

सासूबाई घाबरल्या. डोहाळा पुरवला नाही तर मूल लाळ गाळत जन्मभर हिंडतं, हे त्यांना जितकं पक्कं माहीत होतं तितकं डॉक्टरीणबाईंना पोटातलंही माहीत नसेल. सातवा लागल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आता सगळं ठीक दिसतंय, सावकाश थोडं चालायला हरकत नाही. तेव्हा सासूबाईंनी मनाशी काहीतरी ठरवलं. लोकांना बोलावून डोहाळजेवण करायला त्यांचा जीव धजत नव्हता. दोनदा हात पोळले होते, नजरेला त्या वाघापेक्षा जास्त भीत होत्या. पण डोहाळजेवण टाळायचं तरी कसं? बागेतलं करतात, नावेतलं करतात, चांदण्यातलं करतात. मग जंगलातलं का नको? तिथं नजर लावायला कोण येतंय?

नणंदेला कळल्यावर तिने लगेच बेत आखला. बोरिवलीच्या बाजूने नॅशनल पार्कात जाऊ, तिथं डांबरी रस्ता आहे, बाकडी आहेत, संडास आहे, मुलांची झुकझुक गाडी आहे, दमली तर लगेच आमच्या घरी आणता येईल. एकही शब्द चुकीचा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आणि वेस?"

वेस आडवी आली. बोरिवली नाक्यापलीकडे. जंगल तेच, डोंगर तोच, पण दरवाजा वेशीच्या पलीकडे. मग राहिली आमची बाजू, घोडबंदरच्या रस्त्याची, जिथं ना दरवाजा, ना बाकडी, ना माणूस. शहाणीसुरती माणसं असती तर बेत रद्द केला असता. आम्ही मात्र वेस ओलांडायची नाही म्हणून सोयीचं जंगल सोडून गैरसोयीच्या जंगलात गेलो. त्यात मीही सामील होते. मला कुठून का होईना, घराबाहेर पडायचं होतं.

नवऱ्याला सांगितलं नाही. "बायकांचं काम हाय, त्याचं काय?" सासूबाई म्हणाल्या. पौष लागायच्या आत उरकायचं म्हणून डिसेंबरातला एक दिवस धरला. पहाटे उठून त्यांनी नारळीभात केला, कोथिंबीरवड्या तळल्या, पुऱ्या केल्या, ओटीचं सामान एका फडक्यात बांधलं. मला हिरवी साडी नेसवली. नवरा कामावर गेला तसा त्यांनी मला एकेक पायरी मोजल्यासारखं जिना उतरवलं. खालची हवा नाकात शिरली आणि मला वाटलं, आता सासूबाईंना इथंच सोडून पळावं, गोल गोल, म्हशींच्या मधून.

रिक्षावाल्याला सासूबाईंनी आधीच दम भरला होता, "गड्डे में नको घालू, समज्या?" तो बिचारा बैलगाडीच्या चालीने गेला. काशीमिरा मागे पडलं, घोडबंदरचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली. ट्रक अंगावर येऊन निघून जात होते. एका ठिकाणी पायवाट आत शिरताना दिसली तिथं आम्ही उतरलो. दुपारी परत ये, असं सांगून सासूबाईंनी त्याला वाटेला लावलं.

आत दहा पावलं गेलो असू नसू, रस्त्याचा आवाज बंद झाला. मी वर पाहिलं आणि बघतच राहिले. घरातून तो डोंगर म्हणजे खिडकीत मावणारी वस्तू होती. इथं एकेका झाडाचा बुंधा आमच्या स्वयंपाकघराएवढा. बेहड्याची झाडं सरळ वर गेली होती, इतकी वर की शेंडा बघताना डोक्यावरचा पदर पडला. एका झाडावर गारंबीचा वेल चढला होता. वेल कसला, माणसाच्या मांडीएवढा जाड, पिळा मारलेला, आणि वरून हातभर लांबीच्या शेंगा लोंबत होत्या. सासूबाई एकदम मोकळ्या झाल्या. चपला काढून हातात घेतल्या आणि झाडांची नावं सांगत पुढे चालायला लागल्या. मीरा रोडला रस्ता ओलांडताना माझा हात धरणाऱ्या बाई त्या याच का, असा मला प्रश्न पडला.

"बिबट्या असेल ना इथं?" मी विचारलं.

"असू दे की. त्याचं घर हाय. पोटुशीला जनावर शिवत नाय."

"त्याला कोणी सांगितलंय हे?"

"त्याच्या आयशीनं," त्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

पायवाट एका घळीच्या काठाशी येऊन थांबली. डोंगर वरून खालपर्यंत कोणी चिरावा तशी ती खोल घळ होती. दोन्ही बाजूंना काळे कातळ, तळाशी मोठाले दगड आणि त्यांच्यामधून वाहणारं अगदी थोडं पाणी. आमच्या बाजूने एक उतार सावकाश तळापर्यंत जात होता. आणि समोर, पाण्यापलीकडे, कातळात मुळं रुतवून एक कांडोळ उभं होतं. पांढरं. एकही पान नाही. फांद्या अशा पसरलेल्या की आख्खी घळ त्याच्या मालकीची.

सासूबाईंनी आधी डोहाळजेवण उरकलं. तळाशी एका सपाट दगडावर मला बसवलं, वेणी माळली, हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली. मुलगा की मुलगी ते ओळखायचा खेळ त्यांनी मुद्दाम गाळला. केळीच्या पानावर जेवण वाढून त्या माझ्यासमोर बसल्या आणि मी एकेक घास घेते का ते बघू लागल्या. वर फांदीवर वानरं बसली होती, तीही बघत होती. मी भराभर खात होते. माझं लक्ष पलीकडे होतं.

"आता जाऊ?" मी हात धुतले न धुतले तोच उठले.

"कुठं?"

"झाडाला हात लावायला. त्यासाठीच आलोय ना आपण?"

सासूबाईंनी झाडाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. इतका वेळ त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. "मधी वाहतं पाणी हाय," त्या म्हणाल्या.

"आई, हे पाणी आहे? घोटासुद्धा बुडणार नाही!"

"वाहतंय ना?"

माझं डोकं फिरलं. इतके महिने पाय वर करून पडले, नोकरी सोडली, घरात कोंडून घेतलं, आणि आता हाताच्या अंतरावर आल्यावर बोटभर पाण्याने अडवायचं? मी काय काय बोलले ते आठवत नाही. आवाज चढला होता एवढं खरं, कारण वानरं पुढच्या झाडावर गेली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला.

"ते झाड हिकडं येणार नाय आनि तू तिकडं जायाची नाय. तू बस. मी साल घेऊन येते. हात लावल्याशी मतलब."

मी काही बोलायच्या आत त्या निघाल्यासुद्धा. या दगडावरून त्या दगडावर, साठीच्या बाई, अनवाणी, नेटाने. पाणी ओलांडलं, पलीकडचा कातळ चढल्या, झाडापाशी पोचल्या. कांडोळाची साल कागदासारखी सुटते. त्यांनी तिचा एक मोठा पापुद्रा सोलला आणि मला वर करून दाखवला. मी हसले. त्याही हसल्या. मग त्या उतरायला लागल्या आणि पाचोळ्यावरून त्यांचा पाय सटकला.

आवाज झाला तो मला दगडाचा वाटला. त्या घरंगळत पाण्याच्या अलीकडे येऊन पडल्या होत्या. उजवा पाय गुडघ्याखाली जसा असायला हवा तसा नव्हता. मी धावत गेले. हो, धावत. त्यांनी पडल्या पडल्या हात वर केला.

"धावू नको! आधी हिला हात लाव, मग काय ते बघ."

मुठीत साल होती. मी हात लावला. कशी लागली ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्या पायाकडे बघत होते. नडगी मोडली होती. त्यांच्या चेहऱ्यावर घाम फुटला होता आणि त्या दात आवळून म्हणत होत्या, "तू हलू नको. गप बस हितं. रिक्षावाला येईल, नायतर कोनतरी येईल."

"रिक्षावाला दुपारी येणार आहे. तोही रस्त्यावर, इथं घळीत नाही."

"तरी तू चढायची नाय."

मी त्यांचं डोकं ओटीच्या फडक्यावर टेकवलं आणि निघाले. मागून त्यांच्या हाका येत होत्या, आधी माझ्या नावाने, मग देवाच्या. उतरताना सावकाश वाटलेला उतार आता भिंतीसारखा पुढे उभा होता. अर्ध्यावर पोटात कळ आली. बारीक, खालच्या बाजूला. ती कळ मला माहीत होती. मी बेहड्याच्या एका बुंध्याला पाठ टेकवून उभी राहिले आणि माझ्या तोंडातून "नको, नको, नको" एवढंच निघत होतं. इतके महिने मला हलायचं होतं, धावायचं होतं, आणि आता जीव मुठीत धरून मी प्रत्येक झाडाशी थांबत होते. थांबावं तर खाली त्या, चालावं तर पोटात हे. मी रडत चढले. कळ ओसरली, पुन्हा आली, पुन्हा ओसरली.

रस्त्यावर दोन ट्रक थांबले नाहीत. तिसरा एक टेम्पो थांबला. ठाण्याहून रिकामा परत चालला होता. ड्रायव्हर आणि त्याचा भाऊ, दोघंही चाळिशीचे. हिरवी साडी, डोक्यात वेणी, पोट पुढे आणि तोंड रडवेलं, असलं ध्यान जंगलातून बाहेर आलेलं बघून ड्रायव्हरने आधी कपाळाला हात लावून नमस्कारच केला. मग विचारलं, "क्या हुआ, बेन?"

दोघं भले होते. त्यांनी खाली जाऊन सासूबाईंना हातांची खुर्ची करून वर आणलं, टेम्पोत मागे रिकाम्या पोत्यांवर झोपवलं. पायाला दोन फळ्या लावून माझ्या ओटीच्या फडक्याने बांधलं. ड्रायव्हर म्हणाला, भाईंदर में छोटा दवाखाना है, वो भी बोरिवली ही भेजेगा, सीधा वहीं चलते हैं. सासूबाई म्हणाल्या, वाटेत दहिसरला लेक हाय, तिला घ्या. मी त्यांच्याशेजारी पोत्यांवर बसले.

घोडबंदरचा तो रस्ता म्हणजे खड्डेच खड्डे. टेम्पो आदळला की सासूबाईंच्या तोंडून हुंकार फुटायचा, पण त्यांचा हात त्यांच्या पायाकडे जात नव्हता. प्रत्येक खड्ड्याला त्या माझ्या पोटाखाली हात धरत होत्या. काठोकाठ भरलेलं काही सांडू नये म्हणून आपण भांड्याला धरतो ना, तसा. मी तो हात बाजूला करायला बघत होते. तो पुन्हा येत होता.

काशीमिऱ्याला त्या म्हणाल्या, "तू उतर. घरी जा."

"मी येणार आहे."

"नको."

"आई, तुमचा पाय मोडलाय! तुम्हाला एकटं सोडून मी घरी जाऊन काय करू? पंखा बघू?"

मला वाटलं, मी जिंकले. टेम्पो हायवेला लागला. पुढे नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. रांगेत टेम्पो हळू झाला तशा सासूबाई कोपरावर उठल्या आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर मुठीने धडाधड वाजवायला लागल्या. "रोको! ए दादा, गाडी रोको!"

ड्रायव्हर धावत मागे आला. त्याला वाटलं, म्हातारी गेली.

"ही हितं उतरनार," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पुरे झालं आता. ही वेस नाही. हा जकात नाका आहे, इथं ट्रकवाले थांबतात."

"ट्रकवालेसुद्धा थांबतात ना?"

मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. ड्रायव्हर एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. मी खाली उतरणार नव्हते. मला त्या वेशीत काडीचाही अर्थ दिसत नव्हता, आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. डोळ्यातून पाणी वाहत होतं. त्या बाईंना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही.

"माजा पाय मोडला तर डॉक्टर जोडील," त्या म्हणाल्या. "ते कोन जोडनार? दोनदा बघितलंय मी तुला. परत नाय बघवायचं मला. उतर गो बाय. पाया पडते."

मी उतरले.

ड्रायव्हरच्या भावाने हात धरून मला खाली घेतलं, जेवणाची पिशवी हातात दिली. टेम्पो रांगेतून पुढे सरकला. मागच्या फळीवरून सासूबाईंचं डोकं दिसत होतं; त्या मी खरंच उभी आहे ना ते बघत होत्या. आडवा बांबू वर गेला, टेम्पो पलीकडे गेला, आणि मी अलीकडे राहिले. धुळीत, ट्रकांच्या धुरात, हिरवी साडी नेसून. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

एरवी मी तिथं क्षणभरही उभी राहिले नसते. रिक्षा शोधली असती, फोन शोधला असता, नवऱ्याच्या ऑफिसात कोणाला तरी पळवलं असतं. ते सगळं मी केलंच, पण नंतर. त्या वेळी मी रस्त्याच्या कडेला एका मोरीच्या कठड्यावर बसले. पाय लांब केले. पोटात अजून बारीक ओढ होती. आता काय होणार ते मला माहीत नव्हतं, आणि पळून कुठं जायची जागाही नव्हती. मी त्या बांबूकडे बघत राहिले. त्याच्या पलीकडे जायला मला कोणी अडवलं नसतं. पण कोणी मला ओढून नेलं असतं तरी मी गेले नसते. माझा विश्वास नव्हता. तरीही गेले नसते. इतकं मला ते मूल हवं होतं. हे मी तोपर्यंत स्वतःलाही कळू दिलं नव्हतं.

बराच वेळ बसले. ओढ कमी होत होत थांबली. मग आतून एक धक्का बसला, चांगला जोराचा, बरगडीखाली.

त्या सात महिन्यांत मी आतल्या जिवाशी एक शब्दही बोलले नव्हते. बोलायचं कशाला, परत एकटं पडायला? तिथं, नाक्यावरच्या त्या गोंगाटात, मी पोटावर हात ठेवला आणि आवाज चढवूनच म्हणाले, "तुझ्या आजीचा पाय मोडलाय तुझ्यापायी. आता गुमान आत राहायचं, सांगून ठेवते."

आणि ती राहिली.